उजवीकडची शिवण

न्हाणीघराच्या जाळीतून सकाळचे ऊन खाली उतरे, तेव्हा मालिशवाली बेबाबाई पाटावर पाय लांब करून बसलेली असे आणि तिच्या दोन पोटऱ्यांच्या खोबणीत पलक उताणी. कोमट तेलाचा वास, वाफ, आणि त्या वाफेत बेबाबाईचा अंगठा. तो बाळाच्या डाव्या भुवईच्या वर टेकायचा आणि तिथला उंचवटा हळूहळू मागे, कानाकडे लोटत राहायचा. पलक रडत नसे. तिच्या आईला, विधीला, तेच सोसवत नसे.

“दख व माय,” बेबाबाई म्हणे, “आज कपाय कसं बसी गयं! आते हाड वल्लं शे, जसं दाबशात तसं व्हई. डोया बी मोठा व्हई जाई.”

“होईल ना?” दारात उभ्या असलेल्या प्रेमकुंवर विचारत.

“नही कसा व्हई, शेठाणी? रोनकभाऊनं नाक कोनी काढं? मीच ना!”

“नाक काढलंस, पण अक्कल घालायची राहिली त्यात,” प्रेमकुंवर म्हणत, आणि दोघी हसत.

विधी हसण्याचा प्रयत्न करी. ती जळगावची. रोनकशी लग्न होऊन शिरपूरच्या या मारवाडी कापडवाल्यांच्या घरात आली होती. बाळंतपण माहेरी झाले. सव्वा महिन्याने मुलीला घेऊन सासरी आली, तेव्हा सासूबाईंनी, प्रेमकुंवरनी, नातीला उजेडात धरून पहिल्याच दिवशी निदान केले होते : डावा डोळा लहान आहे आणि त्याच्या वरचे कपाळ फुगले आहे. त्या दिवसापासून घराचे सगळे प्रेम त्या डाव्या बाजूवर तुटून पडले. काजळाची रेघ डाव्या डोळ्यात जाड. राईची उशी घेऊन निजवायचे ते डाव्या अंगावर, म्हणजे वर आलेले कपाळ आपल्याच भाराने बसेल. मालिशीचा अंगठा डावीकडे. उजव्या बाजूला कुणी हात लावला नाही, कारण उजवी बाजू सुंदर होती. उजवा डोळा टपोरा आणि पूर्ण उघडा होता, जणू त्याने जगाकडे पाहून नुकताच श्वास आत घेतला आहे. रोनकच्या बहिणीने बारशाला तो डोळा पाहूनच नाव ठेवले, पलक. फोटो सगळे उजवीकडून काढलेले. जळगावला, सुरतेला, जोधपूरला गेलेली पलक ही उजवीकडची पलक होती.

मूल पालथे पडू लागले, तरी कपाळ बसले नाही. विधीला वाटू लागले की ते उलट वाढते आहे. तिने हे कुणाला सांगितले नाही. भीती सांगितली की तिला घरात बसायला जागा मिळते, असे तिला वाटे.

मग एक दिवस जळगावहून आईने विणलेली लोकरीची टोपी आली. विधीने ती पलकला घातली. टोपी उजवीकडे घसरली. तिने सरळ केली. टोपी पुन्हा घसरली. नाडी घट्ट केली, तर गोंडा भुवईवर आला आणि तिरपा राहिला. विधीने टोपी काढली, मुलीला मांडीवर घेतले आणि पहिल्यांदाच, आईच्या नव्हे तर परक्याच्या बोटांनी, ते डोके चाचपले. मध्यावर टाळू, मऊ, आतून धडधडणारी. टाळूपासून डावीकडे कानशिलाकडे उतरणारी एक बारीक घळ बोटाला लागली. उजवीकडे तिने तीच घळ शोधली. तिथे घळ नव्हती. तिथे हाडाचा एक कणा होता, कातडीखाली उभा, दोरी शिवून टाकल्यासारखा.

तिने बोट उचलले, पुन्हा ठेवले. पलक तिच्याकडे पाहून हसली. हसताना तिची हनुवटी डावीकडे सरकली.

*

धुळ्याच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. ज्योत्स्ना पावरा मूळच्या शिरपूर तालुक्यातल्याच, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावच्या. त्यांनी पलकला टेबलावर न झोपवता विधीच्या मांडीवरच राहू दिले आणि आपली खुर्ची समोर ओढली. मागे रोनक उभा होता. प्रेमकुंवर बाकावर, पिशवीत राईची उशी घेऊन. प्रवासात मुलीचे डोके कुठे टेकवणार म्हणून.

“कोणता डोळा लहान वाटतो तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारले.

“डावा,” तिघेही एकदम म्हणाले.

डॉक्टरांनी आपला तळवा पलकच्या चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्यावर धरला, न टेकवता. उरलेल्या अर्ध्यात एक साधे बाळ होते, किंचित झोपाळू, गोबरे. मग त्यांनी तळवा दुसऱ्या बाजूला नेला.

“आता बघा. काय दिसतं?”

तळव्याच्या कडेला एकच डोळा उरला होता, भुवई वर चढलेली, पापणी ताणलेली, कोपरा बाहेर आणि वर ओढलेला. इतके महिने ती ज्याला टपोरा म्हणत आली होती, तो डोळा घाबरलेला होता. तो जन्मल्यापासून घाबरलेला होता आणि घरातल्या प्रत्येकाने त्याचे कौतुक केले होते.

“डावी बाजू बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “खोट उजवीकडे आहे.”

“पण डावीकडचं कपाळ तर—” रोनक.

“ते पुढे येतंय, कारण त्याच्यावर दोन्ही बाजूंचं काम पडलंय. कसं असतं, रोनकभाऊ, जन्मतः कवटी एकसंध नसते. हाडांचे पत्रे असतात आणि मध्ये शिवणी. मेंदू वाढतो तसे पत्रे दूर सरकतात आणि शिवणीच्या कडेने नवं हाड भरत जातं. एखादी शिवण वेळेआधी मिटली, की तेवढ्या रेघेवर वाढ थांबते. मेंदू थांबत नाही. तो दुसरीकडे जागा करून घेतो.” त्यांनी आपले बोट स्वतःच्याच कपाळावरून फिरवले. “उजवी शिवण मिटली असणार. म्हणून उजवं कपाळ सपाट, डोळ्याची खोबण वर ओढलेली, नाकाचं मूळ उजवीकडे, हनुवटी डावीकडे. चेहरा कवटीवर उभा असतो. पाया सरकला, की वरचं सगळं त्याच्या मागे जातं.”

“आम्ही दाबतो रोज,” प्रेमकुंवर म्हणाल्या. “आमच्या घरात सगळ्यांची डोकी या उशीवर गोल झाली. याचंच बघा.”

डॉक्टरांनी रोनकच्या डोक्याकडे पाहिले. “यांचं उशी नसती तरी गोलच झालं असतं, मावशी. माझं नाक सरळ व्हावं म्हणून माझ्या आजीने ते वर्षभर ओढलं. बघा, आहे का काही फरक?”

प्रेमकुंवर हसल्या नाहीत. त्यांनी उशी पिशवीत आणखी खाली सरकवली.

“माझ्यामुळे झालं का?” विधीने विचारले. “पोटात असताना मी—”

“नाही. तुमच्यामुळे नाही, मालिशीमुळे नाही, ग्रहणामुळे तर नाहीच नाही. होतं. का होतं, ते प्रत्येक मुलात आम्हाला सांगता येत नाही.”

“मेंदूला?”

डॉक्टरांनी पलकच्या टाळूवर दोन बोटे हलकेच टेकवली. “एक शिवण मिटली तर मेंदूवर दाब येतोच असं नाही. येणारच नाही, असंही मी म्हणणार नाही. डोळा तिरळा होऊ शकतो. चेहरा वाढेल तसा वाकडेपणा वाढेल. पुण्याला याचे सर्जन आहेत. कपाळाचं हाड काढून, आकार देऊन पुन्हा बसवतात. पहिला वाढदिवस व्हायच्या आत केलेलं चांगलं. हाड अजून ऐकतं.”

हाड अजून ऐकतं. बेबाबाईही जवळजवळ हेच म्हणत होती.

त्याच दुपारी स्कॅन झाला. औषधाने झोपलेली पलक यंत्राच्या पांढऱ्या कमानीतून आत गेली आणि परत आली. तिला खांद्यावर घेऊन विधी काचेपाशी उभी राहिली. काचेपलीकडच्या माणसाने माऊस हलवला आणि पडद्यावर एक कवटी फिरू लागली, अंधारात, कशालाही न टेकता, जणू फार जुनी. तिच्या जबड्यात अजून न उगवलेले दात ओळीने दडलेले होते. टाळूच्या जागी काळे छिद्र. तिथून डावीकडे एक वेडीवाकडी काळी रेघ उतरत होती, नदी नकाशावर उतरते तशी. मग कवटी वळली. उजवीकडे रेघ नव्हती. नुसते गुळगुळीत हाड, आणि त्याखाली तिरपा ताणलेला खोबणीचा कोपरा.

विधीच्या खांद्यावर त्याच कवटीचा भार होता. तिच्या मानेला उष्ण श्वास लागत होता. पडद्यावरच्या गोष्टीला श्वास नव्हता. दोन्ही एकच आहेत हे तिला कळत होते. तिने रोनकला आत बोलावले. तो दारापर्यंत आला, पडद्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “गाडी उन्हात आहे. काढतो.”

परतताना तापीचा पूल आला तसे तिने पलकचे डोके पदराने झाकले. का झाकले, ते तिला सांगता आले नसते.

*

“चेहऱ्यासाठी कवटी उघडायची?” सासरे रिखबचंद म्हणाले. ते जेवून उठले होते. हातावर पाणी घ्यायचे राहून गेले होते. “मुलगी हसते, बघते, पालथी पडते. कुठं दुखत नाही, खुपत नाही. आणि टेबलावर काही झालं, तर मी कुणाला विचारू?”

विधी डोक्यावरचा पदर सावरून भिंतीशी उभी होती. टेबलावर काही झालं तर. हे वाक्य तिच्यातही होते, याच शब्दांत. सासऱ्यांनी ते मोठ्याने म्हटले इतकेच.

“मोठी झाली, की केस पुढे घेईल,” प्रेमकुंवर म्हणाल्या. “टाळू भरेपर्यंत आम्ही डोक्याला वारा लागू देत नाही, बींदणी, आणि तू तिथं लोखंड लावायला निघालीस?”

“मम्मीजी, टाळूचा प्रश्न नाही—”

“थांबू या,” रिखबचंद म्हणाले. “मोठी होऊ दे. मग बघू.”

“मोठी झाल्यावर हाड ऐकत नाही, बाबूजी.”

“हाड कुणाचं ऐकतं?” असे म्हणून ते हात धुवायला गेले.

पुण्याच्या सर्जनांनी चित्रे पाहून तारीख दिली. घरात त्या तारखेचे नाव कुणी काढत नव्हते. रोनक विषय निघाला की मोबाइल पाही. विधीने मालिश बंद करायला सांगितली. बेबाबाईने फक्त अंघोळ घालायची, असे ठरले. पण त्याहून वाईट गोष्ट विधीच्या आत चालली होती. तिला उजव्या डोळ्याकडे पाहवत नव्हते. पलकला पाजताना ती तिला अशी धरी, की उजवी बाजू छातीत लपेल. मग स्वतःचीच लाज वाटून ती मुलीला दुसऱ्या बाजूला वळवी. तो डोळा तिच्याकडे उघडा पाही आणि तिला वाटे, आतून कुणीतरी दारावर हात ठेवून उभे आहे आणि दार बाहेरून बंद आहे.

मग ती सकाळ आली. विधी गच्चीवर दुपटी वाळत घालत होती आणि खालून रडणे ऐकू आले. पलक न्हाणीघरात कधी रडत नसे. विधी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली.

बेबाबाईचा अंगठा उजवीकडे होता. मिटलेल्या शिवणीच्या कण्यावर, तेलात बुडलेला, तो जोराने वर-खाली फिरत होता, गाठ सोडवावी तसा. पलकचे तोंड लाल झाले होते. प्रेमकुंवर शेजारी ओणव्या, हातात तेलाची वाटी.

“काय करताय?” विधी ओरडली.

“मी ते नुसता हात फिराई ऱ्हायनी व माय,” बेबाबाईने अंगठा उचलला. “शेठाणीनीच सांगं.”

“डॉक्टरीणबाईच म्हणाली ना, खोट उजवीकडे आहे?” प्रेमकुंवरच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आशा होती. “इतके दिवस आम्ही उलटी बाजू धरली होती. शिवण मिटली असेल, तर तेलाने मोकळी होईल. थोडी तरी होईल. मग कशाला ते पुणं?”

विधीने खाली वाकून मुलीला ओढून घेतले. अंग तेलाने आणि पाण्याने माखलेले होते. ते तिच्या हातांतून निसटले. एका श्वासाएवढा काळ पलक कुणाच्याच हातांत नव्हती, डोके खाली, आणि खाली काळी फरशी. बेबाबाईने किंकाळी फोडली. विधीने गुडघे टेकले आणि मुलगी तिच्या कोपरात, मग पोटाशी अडकली. डोके फरशीपासून वीतभर वर थांबले.

नळाचे पाणी बादलीत पडत राहिले. प्रेमकुंवरच्या हातातली वाटी तिरपी झाली होती आणि तेल त्यांच्या पायावर ओघळत होते. त्यांना ते कळत नव्हते.

विधी उठली. पलकला टॉवेलात गुंडाळून ती तशीच, ओल्या साडीने, बैठकीत गेली. रिखबचंद दुकानात निघाले होते. एक पाय चपलेत होता. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. त्यांनी नजर वळवली.

“बाबूजी, हात द्या.”

“काय झालं? कोण ओरडलं?”

“हात द्या.”

त्या घरात सुनेने सासऱ्यांचा हात धरलेला कुणी पाहिला नव्हता. विधीने तो धरला. ताग्याच्या काठावरून बोट फिरवून कापड ओळखणारा हात होता तो. आंधळ्यालाही लाजवील इतका जाणता, असे गिऱ्हाईक म्हणे. तिने त्यांची तर्जनी पलकच्या टाळूवर टेकवली. बोट दचकले.

“इथून डावीकडे उतरा. हळू. लागते घळ?”

“लागते,” ते पुटपुटले. “हो. लागते.”

“आता उजवीकडे.”

बोट टाळूवर परत आले, उजवीकडे उतरले, थांबले. मागे गेले, पुन्हा उतरले. पुढे सरकून शोधले, कानाजवळ शोधले. त्यांनी चप्पल काढली आणि खाली बसले, मुलीच्या डोक्याच्या पातळीवर. श्वास जड झाला होता. पलक हुंदके देत त्यांच्याकडे पाहत होती.

“इथं काहीच नाही,” ते म्हणाले.

“शोधा.”

“नाही, बेटा. नाहीये.” त्यांनी बोट मागे घेतले आणि ते धोतराला पुसले, मग पुन्हा पाहिले, जणू त्यावर काही लागले असावे. दारात प्रेमकुंवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. “मग ही वाढणार कुठून?”

रिखबचंद जमिनीवरच बसून राहिले. मोठ्या माणसाची भीती किती लहान दिसते, हे विधीने त्या वेळी पाहिले, आणि तिला त्याचे समाधान वाटले नाही. आता घरात घाबरायला आणखी एक माणूस वाढला होता, इतकेच.

“तारीख कधीची आहे?” त्यांनी विचारले.

*

पुण्याला विधी आणि रोनकबरोबर प्रेमकुंवरही आल्या. त्यांना कुणी चला म्हटले नव्हते. त्या गाडीत जाऊन बसल्या होत्या.

शस्त्रक्रियेच्या दाराशी हिरव्या टोपीतल्या एका बाईने हात पुढे केले आणि विधीला ते शक्य होईना. पलकने त्या बाईच्या गळ्यातला मास्क पकडला आणि स्वतःच तिच्याकडे झेपावली. दार लागले. रोनक कितीतरी वेळ दाराला पाठ लावून उभा राहिला, मग खाली सरकत बसला, आणि म्हणाला, “त्या दिवशी धुळ्यात गाडी सावलीत होती.” विधीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळ होत आली तेव्हा सर्जन बाहेर आले. रक्त द्यावे लागले, पण सगळे ठरल्याप्रमाणे झाले, असे म्हणाले. चेहरा सुजेल, उद्या आजच्याहून जास्त, डोळे मिटतील, घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत सोडले, एका वेळी दोघींना. पट्ट्यांच्या खाली जे होते ते विधीला ओळखता आले नाही. कपाळ, गाल, भुवया, सगळे एकाच निळसर सुजेत बुडून गेले होते. दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन घट्ट रेघा. तिने दोन्ही बाजू ताडून पाहिल्या, उजवी, डावी, पुन्हा उजवी. काहीच सांगता येत नव्हते. ही सूज उतरल्यावर खालून कोण निघेल? जो चेहरा तिने रोज चुंबला, ज्याला ती भ्यायली, तो आता कुठे होता? यंत्र एका सुरात टिपटिप करत होते. तो सूर बदलला, की विधी यंत्राकडे वळे; तो पुन्हा जुळला, तरी नजर काढत नसे.

मागे हालचाल झाली. निळा झगा घातलेल्या प्रेमकुंवर आत पाऊल टाकून तिथेच थांबल्या होत्या. धुतलेले दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते, लहान मुले काच फुटल्यावर धरतात तसे.

“बींदणी,” त्या म्हणाल्या. “हात लावू?”

विधीने त्या हातांकडे पाहिले. नाही म्हणावेसे वाटत होते. खाटेच्या खालच्या टोकाला चादरीबाहेर एक पाय आला होता, सुजेशी काहीही देणेघेणे नसलेला, जसाच्या तसा.

“पायाला लावा, मम्मीजी.”

प्रेमकुंवर वाकल्या. त्यांनी तो पाय दोन्ही हातांत घेतला, दाबला नाही, नुसता धरला. पायाची बोटे आक्रसली आणि सैल झाली.

“गरम आहे,” त्या कुजबुजल्या. “गरम आहे ना गं? हे चांगलं ना?”

“नर्सला विचारते,” विधी म्हणाली. पण ती हलली नाही. ती त्या दोन मिटलेल्या रेघांवर वाकली होती आणि श्वास रोखून पाहत होती, त्यांतली एखादी कुठे उकलते का.